रक्ततपासणी : वधूवरांचे समान कर्तव्य



धम्मदीक्षेनंतर आपण पत्रिका आणि मुहूर्त यांचा त्याग केला. त्रिशरण-पंचशील ग्रहण करून आपल्या मुलामुलींचे मंगल परिणय होऊ लागले. परंतु पत्रिकेतील काल्पनिक दोष टाकून देणाऱ्या आपण रक्तातील खरा दोष जाणून घेतला आहे काय? आमचा रोख सिकलसेलकडे आहे.

तुमसर भागातील एक भगिनी नुकतीच कायद्याचा सल्ला विचारावयास आमच्याकडे आली. तिच्या मुलास सिकलसेल निघाला. "हिच्या माहेरचे रक्तच नासके," असे म्हणून सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. पतीने स्वतःचे रक्त तपासले होते काय? नाही!

अपत्यास एक जनुक मातेकडून व एक पित्याकडून मिळतो. त्यांपैकी एकच सदोष असेल तर तो मनुष्य वाहक होय, रोगी नव्हे. दोन्हीकडून दोष आला, तरच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात; रक्त कमी होते, सांधे व हाडे असह्य दुखतात. म्हणजे त्या बालकाच्या व्याधीत पित्याचा वाटा मातेहून तसूभरही कमी नाही. मग शिक्षा एकट्या मातेला कोणत्या न्यायाने?

कोणी म्हणतील, हे गतजन्मीचे पाप. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी गतकर्माचा सिद्धांत आनुवंशिकतेच्या शास्त्रावर घासून पाहिला आहे. त्याचे मनन करावे. हा जातीचा कलंकही नव्हे. नागपूरकडील महार समाजात हा दोष आढळल्याचे १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, हे खरे. परंतु तो आदिवासींत आहे, आफ्रिकेत आहे, अरबस्तानातही आहे. जेथे हिवतापाचे थैमान होते तेथे वाहकास त्यापासून संरक्षण मिळे, म्हणून तो टिकला. कारणाशिवाय कार्य नाही, हीच तथागतांची शिकवण.

तपासणी सोपी आहे. बोटाच्या थेंबभर रक्ताची विद्राव्यता चाचणी दोष असल्याचे सांगते. पण वाहक की रोगी, हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते. संशयाच्या प्रसंगी व गर्भाच्या बाबतीत डीएनए चाचणी हाच निर्णायक पुरावा. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात बाधित जिल्ह्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी योजिली आहे. तिचा लाभ घ्या.

हिशेब ध्यानी ठेवा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी अपत्य रोगी होण्याचा संभव शेकडा २५. एकच वाहक असून दुसरा सर्वस्वी निर्दोष असेल तर हा रोग अपत्यास होत नाही. म्हणून वाहक मुलीस नाकारणारा, पण स्वतः न तपासलेला वर, शास्त्राचा नव्हे, नव्या अस्पृश्यतेचा अनुयायी होय!

कायदाही जाणून घ्या. १९९४ चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा गर्भलिंग सांगण्यास बंदी करतो. परंतु हिमोग्लोबिनच्या विकारांचे गर्भजलादी मार्गांनी निदान करण्यास, अटींवर, मुभा देतो. मात्र गर्भवतीची लेखी संमती अनिवार्य आहे. पती वा सासू तिला भाग पाडू शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल रोगास दिव्यांगत्व मानले आहे. शेकडा ४० वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत राखीव जागा आहेत. तो हक्क लाजेपोटी दडवू नका.

म्हणून आमची सूचना अशी : सोयरीक पक्की करण्यापूर्वी दोन्ही घरांनी आपापले अहवाल एकाच बैठकीत समोरासमोर ठेवावेत. मुलीचा आधी आणि मुलाचा कधीच नाही, ही रीत बंद व्हावी. दोघेही वाहक निघाल्यास निर्णय वधूवरांनी सल्ला घेऊन करावा, पंचांनी नव्हे. आणि ज्या घरी रोगी बालक आहे तेथील मातेस माहेरी धाडण्याऐवजी पित्याने त्या बालकास घेऊन तिच्यासह दवाखान्याची पायरी चढावी. समतेची दीक्षा घेतलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा अधिक आहे काय?

जयभीम.