पाळकाच्या घराचं दार

शरणपूर रोड म्हटलं की आज नाशिककरांच्या डोळ्यांपुढे दुकानं, दवाखाने आणि सिग्नलला खोळंबलेल्या गाड्या येतात. या रस्त्याला नाव देणारं शरणपूर एके काळी शहराबाहेरची वेगळी वस्ती होती. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनी ती वसवली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या, घराने आणि जातीने टाकलेल्या माणसांना राहायला जागा आणि हाताला काम हवं, म्हणून इथे शाळा निघाली, सुतारकी-लोहारकी शिकवली जाऊ लागली. पुढे या वस्तीत आफ्रिकेतली मुलं आली. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं. त्यांतून सोडवलेली मुलं मुंबईला उतरायची आणि त्यातली बरीचशी नाशकात पाठवली जायची. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा त्याचं पार्थिव समुद्रकिनाऱ्यापर्यंत ज्यांनी खांद्यावर वाहून आणलं, त्यांच्यात शरणपूरला शिकलेले तरुण होते. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पार्थिवाबरोबर लंडनला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी पार्थिवाला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत उभा राहिला. त्याच सुमारास प्राइस मोंबासाजवळ नवी वस्ती वसवायला गेले आणि नाशकात वाढलेली आफ्रिकी मंडळी तिथे वसली.

हा इतिहास वाचताना माझं मन दर वेळी एकाच जागी अडकतं. आईबाप हिरावलेली, भाषा न कळणारी ती पोरं रात्री दचकून उठली, तर त्यांच्या उशाशी कोण बसलं? ताप आल्यावर पेज कुणी भरवली? केसांतल्या उवा, फाटलेले सदरे, नव्या आलेल्याशी जुन्यांची भांडणं हे सगळं कुणी निस्तरलं? शाळा, कामशाळा आणि प्रार्थनामंदिर यांच्यामागे एक घर चालत होतं आणि त्या घरात बाई होती. मला ती ‘मिसेस प्राइस’ एवढीच भेटली. तिचा दिवस कसा उजाडायचा आणि कधी मावळायचा, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही.

म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे माझ्यावर, आणि मला वाटतं आपल्या सगळ्यांवरच, मोठे उपकार आहेत. मिशनरी नवरा-बायकोचं घर आतून कसं दिसतं, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलं. त्या तर आपल्या नाशिकच्याच. १८६८ मध्ये गोदाकाठच्या जलालपूरला, सोवळ्याओवळ्याने घरादाराचा जीव मेटाकुटीला आणणाऱ्या वडिलांच्या पोटी मनू गोखले, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाई, जन्मली. त्यांचे पती नारायण वामन टिळकही शिक्षणासाठी कोकणातून नाशकात आलेले, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकलेले. लग्न झालं तेव्हा मुलगी अकरा वर्षांची. तिला अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून.

पुढची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे, ती मी थोडक्यात आटोपते. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कोसळल्या. पंढरपूरला आणि नातलगांकडे त्यांनी वियोगाची वर्षं काढली. मग लहान मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नगरला नवऱ्याकडे परतल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. जात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांना त्यांच्याच विचाराने पटलं. मग सोवळं सुटलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला म्हणून मागोमाग गेलेली बाई, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हटलं की मला राग येतो. पाच वर्षं झगडून घेतलेला निर्णय मागोमाग जाणं कसं असेल?

मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल, राहुरीच्या आणि नगरच्या घराबद्दल.

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ पासून चालू होतं. टिळक तिथे धर्मशिक्षण घेणाऱ्यांना शिकवत. उपदेश करत, खेडोपाडी जात. कीर्तन आणि भजन ही आपल्या मातीतली साधनं त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवली. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. याखेरीज कविता. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही रविवारच्या उपासनेला त्यांची भजनं गायली जातात. गाणाऱ्यांतल्या अनेकांना कवीचं नाव सांगावं लागत नाही, काहींना ते माहीत नसलं तरी भजन पाठ असतं. एवढं काम एका माणसाच्या दिवसात मावत नाही. टिळकांच्या दिवसात ते मावलं, कारण त्यांच्या दिवसाला लक्ष्मीबाईंचा दिवस जोडलेला होता.

टिळक मनाने राजा माणूस. खिशात पैसा असेपर्यंत तो दुसऱ्याचा, आणि घर तर कायमच दुसऱ्याचं. कोण कधी जेवायला येईल, कोण चार दिवस राहील आणि कोण कायमचं राहील, याचा नेम नव्हता. छप्पन्नच्या दुष्काळानंतर मिशनच्या आवारात अनाथ पोरं भरली होती. त्यातली काही टिळकांच्या घरात वाढली. तारा तर त्यांची मुलगीच झाली. कवी ठोंबरे, म्हणजे बालकवी, या घरी येऊन राहिले आणि घरातलेच झाले. लहान मुलासारखे हट्ट करणाऱ्या या कवीचं लक्ष्मीबाईंनी जे केलं, ते आई करते तसं. १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, तेव्हा या घरातला एक मुलगा गेला.

आता हे सगळं एका बाईच्या नजरेने बघा. टिळक म्हणणार, ‘हा मुलगा आजपासून आपल्याकडे.’ त्या ‘आपल्याकडे’मध्ये एक जास्तीचं अंथरूण असतं आणि रोजच्या भाकऱ्या असतात. खरूज असेल तर गंधक-तेल असतं. शाळेची पाटी असते, आजारपण असतं, आणि आधीच्या मुलांना वाटणारा मत्सरही असतो. उदारपणाचा निर्णय एका क्षणात होतो, तो निभवायला वर्षं लागतात. त्या दोघांची भांडणंही लक्ष्मीबाईंनी लपवलेली नाहीत. टिळकांचा राग भडकायचा आणि तितक्याच झटकन विझायचा. बाईही बोलायला कमी नव्हत्या. पैसा संपल्याचं, धान्य संपल्याचं त्या तोंडावर सांगत. पण आलेल्या पोराला दारातून परत पाठवणं त्यांनाही जमलं नाही. मला या घरातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, की तक्रार आणि माया एकाच हाताने वाढली जात होती.

प्लेगच्या वेळी तर त्यांचं काम घराबाहेर गेलं. गाठ आलेल्या माणसाजवळ त्याचे सख्खे नातलग थांबत नसत, अशा दिवसांत लक्ष्मीबाईंनी छावणीत रोग्यांची शुश्रूषा केली. एके काळी दुसऱ्याचा नुसता स्पर्श झाला तर अंगावर पाणी घेणारी ही बाई. जलालपूरच्या घरातून त्या छावणीपर्यंतचं अंतर मला नगर-नाशिकच्या अंतरापेक्षा, किंबहुना नाशिक-मोंबासाच्या अंतरापेक्षाही मोठं वाटतं. धर्मांतराच्या चर्चेत बाप्तिस्म्याची तारीख ठळक होते. बाईंचं बदलणं मात्र रोजच्या कामातून होत गेलं. कुणाच्या हातचं पाणी प्यायलं, कुणाचं डोकं मांडीवर घेतलं, कुणाचं घाण झालेलं अंथरूण धुतलं, यातून ते घडलं.

आमच्या परिचयाचं एक पाळक कुटुंब नाशकात आहे. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांच्याकडे मी कधीही गेले तरी दार उघडतात त्या ताईच. पहाटेची प्रार्थना आटोपलेली असते, पाळकसाहेब मोटारसायकलवरून निघालेले असतात. कधी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मंडळीतला कुणी दाखल असतो, कधी दफनाची तयारी असते, कधी दिंडोरीकडच्या एखाद्या वाडीत उपासना असते. मग दिवसभर माणसं येतात ती ताईंकडे. कुणाचा जावई दारू पितो. कुणाला पोराच्या फीसाठी शिफारसपत्र हवं असतं. कुणाला काहीच नको असतं, नुसतं बसायचं असतं. ‘सलाम ताई’ म्हणत माणूस आत येतो आणि चहाचं आधण पुन्हा चढतं. दुपारी महिला मंडळ, शनिवारी शब्बाथशाळेची तयारी, नाताळ जवळ आला की मुलांचं नाटक, त्यांचे पोशाख, करंज्यांची पिठं. रविवारी त्या शेवटच्या बाकावर बसतात, कारण कुणाचं मूल रडलं तर त्याला बाहेर न्यायला सोपं जातं.

मी एकदा त्यांना विचारलं, ‘तुम्हाला या कामाचा पगार मिळतो का?’ त्या म्हणाल्या, ‘पगार साहेबांना आहे ना.’ त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण मला ते उत्तर रात्री झोपताना आठवत राहिलं. बदली झाली की दोघांची होते. घर मंडळीचं, दार मंडळीसाठी, जेवणाची वेळ मंडळीच्या सोयीने. नियुक्ती मात्र एकाची. हे फक्त ख्रिस्ती पाळकांच्या घरीच घडतं असं नाही. मठाधिपतीच्या, सर्वोदयी कार्यकर्त्याच्या, दुर्गम भागातल्या डॉक्टरच्या घरीही हेच पाहायला मिळतं. ध्येय दोघांनी घेतलं असेल तर कामाचा हिशेबही दोघांच्या नावाने लिहिला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं. समारंभात बाईंना साडी-नारळ देऊन ‘यांच्या साथीमुळे’ असं एक वाक्य बोलायचं, हा काही हिशेब झाला नाही.

टिळकांच्या घरी या प्रश्नाचं टोक आलं १९१७ मध्ये. त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. जातीपातीच्या आणि पंथांच्या भिंती नसलेला ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांना हवा होता. परदेशी पैशाचा आधार नको, ही त्यांची भूमिका मला आजही भव्य वाटते. त्या वेळी वयाची पंचावन्न ओलांडलेला, तब्येत साथ देत नसलेला हा माणूस सगळं सोडून उभा राहतो, त्याच्यापुढे मी नमते. आणि तेवढ्याच आदराने मला त्या घरातल्या डब्यांपाशी जावंसं वाटतं. पगार थांबला तेव्हा पाहुणे थांबले नव्हते. संन्यास टिळकांनी घेतला, पण संसार लक्ष्मीबाईंच्या हातात तसाच राहिला, आणि तो त्यांनी चालवला. टिळकांना स्वप्नासाठी फार वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

लक्ष्मीबाई पन्नास-एक्कावन्न वर्षांच्या होत्या. नवऱ्याच्या मागे त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनी पत्करली, म्हणजे पुन्हा दुसऱ्यांच्याच लेकींचं दुखणं-खुपणं, जेवणखाण, रुसवेफुगवे. या वेळी मात्र ते काम त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं. अखेरच्या वर्षांत त्या नाशकात आल्या. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या गेल्या.

‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो, भाषेच्या साधेपणासाठी वाचतो, शाळेत त्यातला उतारा अभ्यासतो. माझी विनंती आहे, एकदा हे पुस्तक कामाची वही म्हणून वाचा. किती माणसं जेवली, किती आजारी पडली, किती रात्री जागून काढल्या, कोण येऊन राहिलं आणि कोण निघून गेलं, हे पेन्सिलीने खुणा करत वाचा. मी तसं वाचलं, तेव्हा टिळकांच्या भजनांमागची चूल मला दिसली. मंडळ्यांच्या महिला मंडळांनी, आणि पाळकसाहेबांनीही, हे वाचन मिळून करावं. शरणपूरच्या परिसरात ते सुरू झालं तर फार बरं.

आणखी एक काम बाईंनी केलं. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. वह्या तशाच राहिल्या होत्या. लग्नानंतर धुळाक्षरं गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या उघडल्या आणि पुढचे ६४ अध्याय स्वतः रचले.