राक्षसाचं गाव कोणतं?

दिवाळीत वाशिमला घरी गेलो होतो. पोरांच्या हातातले मोबाइल जरा तरी सुटावेत म्हणून पुण्याहून नेलेले वीस बाजूंचे फासे बाहेर काढले आणि भाचे-पुतण्यांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसवलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि वार लागला की नाही ते फासा ठरवतो. बस्स.

तर मी गुहेत राक्षस आणला. वाघाचं तोंड, उलटे पंजे. दहा वर्षांचा पुतण्या म्हणाला, "काका, याचं गाव कोन्तं?"

झालं, माझी विकेट पडली! कारण त्याला खरंच गाव नाही. गॅरी गायगॅक्सने 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो घातला. नाव आपलं, पण कल्पना सुचली एका अमेरिकन टीव्ही मालिकेवरून. पुस्तकातल्या चित्रात तो चक्क झगा घालून पाइप ओढतोय. मंतरलेला बाण लागला की खलास. लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर तर हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यावरून आलेला. तरी ही मंडळी टिकली, कारण प्रत्येकाचा एक पक्का नियम आहे. तो ओळखला की जिंकलात.

मग दुसऱ्या दिवशी मी गाव असलेला राक्षस आणला. रिसोडच्या पुढे बुलढाणा जिल्हा लागला की लोणार. तिथला लोणासुर जमिनीखाली लपून राहायचा. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, त्याच्या बहिणींकडून पत्ता काढला आणि बिळाचं झाकण उडवून त्याला मारलं, अशी कथा. दैत्यसूदनाचं देऊळ आजही तिथे आहे. विवर उल्केचं आहे हे पोरांना शाळेत शिकवलंय, पण खेळात कुणाचं काही अडलं नाही. दोन तास तलवार न काढता कार्टी बहिणींना पटवत बसली!

तिसऱ्या दिवशी त्यांना हडळ हवी होती. मी वहीत लिहिलं: उलटे पाय, हिट पॉइंट 30.

बाजेवरून आजी म्हणाली, "तिले काऊन मारता रे? माही मोठी बहीन बाळंतपनात गेली. लोक तिलेच हडळ म्हनत."

आजीला मोठी बहीण होती हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आपलं मराठी मॉन्स्टर मॅन्युअल व्हायला हवं, असं मीही मित्रांशी बोलताना नेहमी म्हणतो. आता एक अट घालीन. लोणासुराला खुशाल मारा, तो जन्मालाच राक्षस आला. पण हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई आणि मुंजा म्हणजे मुंज होऊन गेलेला पोरगा. आपली बरीचशी भुतं ही आधी माणसं होती, कुणाच्या तरी घरातली. त्यांच्या पानावर हिट पॉइंट नकोत. 'ही कोण होती' आणि 'तिला काय हवंय' एवढे दोन रकाने पुरेत. खेळही जास्त रंगेल, पैज लावा.

मी 30 खोडलं. पुतण्या म्हणाला, "मंग तिले काय पायजे?"

आजी म्हणाली, "घरी यायचं असन तिले."

असो. तुमच्याकडच्या भुतांचे नियम जरूर कळवा. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.