आकाशचित्राला मत कशासाठी? मुळशीचे पाणी, विजयदुर्गाचे ओटे आणि तळणीची काच

#थ्रेड

१/ मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडी आहे आणि पश्चिमेला ताम्हिणी घाट. एकीकडे रात्रभर न विझणाऱ्या काचेच्या इमारती, तर दुसरीकडे डोळ्यांत बोट घातले तरी कळू नये असा काळोख. पावसाळा सरला की अमावास्येच्या सुमारास पुण्या-मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणी, तिपाया आणि कॅमेरे घेऊन या काळोखाच्या शोधात निघतात.

२/ अशा रात्रींनंतर छायाचित्रे आणि रेखाटने एकमेकांसमोर मांडली जातात, त्यांचे कौतुक होते आणि सर्वोत्तम चित्रासाठी मते पडतात. निकालाचा अंदाज बहुधा आधीच बांधता येतो. धरणाच्या पाण्यावर झुकलेली जांभळी-निळी आकाशगंगा पुढे जाते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पेन्सिलीने काढलेले करडे रेखाटन दोन कौतुकाचे शब्द घेऊन मागे राहते.

३/ सौंदर्याला मत देण्यात गैर काही नाही. मात्र आकाशाचे चित्र हे सौंदर्याबरोबरच एक साधनही असते, इतिहासाचे अभ्यासक ज्या अर्थाने ‘साधन’ म्हणतात त्या अर्थाने. कोणी, कोठून, केव्हा आणि कशातून पाहिले, हे ज्या चित्रासोबत लिहिलेले नाही, त्याला पहिला क्रमांक मिळू नये. ही अट जाचक वाटेल. पण ती का हवी, हे महाराष्ट्राच्याच इतिहासातून दिसते.

४/ १८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची वाट दख्खनवरून गेली. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन उभे होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. आकाशात ढग होते. तरीही मिळालेल्या फटीतून त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालेचा वर्णपट पाहिला, त्यातील तेजस्वी रेषा नोंदवल्या आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे ओळखले. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनीही तेच पाहिले. तेथेच मेजर टेनंट यांनी ग्रहणाची छायाचित्रे घेतली.

५/ आता मराठी वाचकांना अधिक परिचित असलेली गोष्ट पाहू. नॉर्मन लॉकियर यांनी याच दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहिले आणि तेथेच हेलियमचा शोध लागला, असे लेखांतून व भाषणांतून वर्षानुवर्षे सांगितले जाते. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ त्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात. पर्यटकही त्या ओट्यांवर बसून छायाचित्रे काढतात.

६/ प्रत्यक्षात ऑगस्ट १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. सौरज्वालांचा वर्णपट त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तेथूनच पाहिला, आणि तोही ग्रहणाविना. त्या वर्णपटातील पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे ‘हेलियम’ हे नाव आले. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये सापडला. लॉकियर विजयदुर्गास खरोखर आले होते. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे जवळजवळ ३० वर्षांनी.

७/ दंतकथा अशीच जन्मते. माणूस खरा, किल्ला खरा आणि ओटेही खरे. निसटली ती फक्त तारीख. ती निसटताच दोन वेगळ्या ग्रहणांची एक सुरस कथा झाली. दगडाचे ओटे स्वतःची तारीख सांगू शकत नाहीत. चित्रही सांगू शकत नाही. ती कोणीतरी त्याच वेळी लिहून ठेवावी लागते.

८/ या दंतकथेमुळे झाकली गेलेली खरी गोष्टही कमी रोचक नाही. १८९८ मध्ये विजयदुर्गावर लॉकियर यांच्या मदतीला ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशी होते. उपकरणे हाताळणे, वेळ मोजणे, तारे टिपणे अशी कामे त्यांच्यात वाटली गेली आणि सराव करून घेण्यात आला. काही जणांकडे एकच काम होते, ते म्हणजे सूर्याभोवतीच्या किरीटाचे, करोनाचे रेखाटन करणे.

९/ छायाचित्रणाचे तंत्र हाताशी असतानाही खलाशांच्या हाती पेन्सिल देण्याचे कारण तांत्रिक होते. किरीटाचा आतला भाग अतिशय तेजस्वी आणि बाहेरचे तंतू अतिशय मंद असतात. प्रकाशन वेळ वाढवली तर आतला भाग जळून पांढरा होई आणि कमी केली तर बाहेरचे तंतू उमटतच नसत. डोळा मात्र दोन्ही एकाच नजरेत सामावून घेतो. १८७८ मध्ये अमेरिकेच्या पाइक्स शिखरावरून लँग्ली यांनी सूर्याच्या व्यासाच्या बारापट पसरलेला किरीट डोळ्यांनी पाहिल्याचे नोंदवले होते. छायाचित्रांत तेवढा विस्तार दिसत नव्हता.

१०/ दुसरी बाजूही तितकीच खरी होती. एकाच ग्रहणाची अनेकांनी काढलेली रेखाटने एकमेकांशी जुळत नसत. दोन मिनिटांच्या आसपासचा अवधी, हातांची घाई, अपेक्षेने रंगलेली नजर. मग लँग्लींचे ते लांब तंतू खरे की डोळ्यांचा भ्रम? रेखाटन आणि छायाचित्र यांचा वाद कोणते अधिक देखणे यावर नव्हताच. कोणाच्या साक्षीवर किती विश्वास ठेवायचा, हा त्यातला प्रश्न होता.

११/ त्या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर वऱ्हाडात मिळाले. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही १८९० मध्ये स्थापन झालेली प्रामुख्याने हौशी निरीक्षकांची संस्था. तिची एक तुकडी १८९८ च्या ग्रहणासाठी तळणी येथे उतरली होती. तीत ॲनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्यांनी गणक म्हणून काम केले होते. १८९५ मध्ये विवाह झाल्यावर ती नोकरी सुटली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे दार त्यांना १९१६ पर्यंत उघडले नाही. हौशींच्या संस्थेत मात्र त्यांना पहिल्यापासून स्थान होते.

१२/ ॲनी माँडर यांच्याकडे अवघ्या दीड इंची भिंगाचा छोटा कॅमेरा होता. त्याच वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या तुकडीने ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. किरीटाच्या आतल्या भागाचे तपशील टिपायला तो उत्तम. बाहेर दूरवर गेलेला अतिमंद तंतू मात्र तळणीच्या काचेवर उमटला. तोवर छायाचित्रात आलेल्या अशा तंतूंत तो सर्वांत लांब ठरला. डोळ्यांनी पाहून रेखाटणाऱ्यांची साक्ष निव्वळ भ्रमाची नव्हती, हे त्या काचेने दाखवले.

१३/ तळणीच्या त्याच तुकडीत जॉन एव्हरशेड हेही होते. तेव्हा ते नोकरी सांभाळून सूर्याचा अभ्यास करणारे हौशी निरीक्षक होते. त्यांनी तेथे सूर्याच्या कडेच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. पुढे तेच कोडाईकनालला आले. सूर्यडागांतील वायूंचा बाहेरच्या दिशेने होणारा प्रवाह त्यांनी १९०९ मध्ये शोधला आणि काही वर्षांतच ते त्या वेधशाळेचे संचालक झाले.

१४/ पुण्याचा वाटाही यात होता. जेऊरला कावसजी दादाभाई नायगमवाला यांची तुकडी होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील हे प्राध्यापक महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा चालवत. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठ्या दुर्बिणींत गणली जाई. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. ज्या शहरात ही दुर्बीण होती, त्या शहरातल्या किती जणांना ती आज ठाऊक आहे? तरीही जेऊरच्या त्या दोन मिनिटांचा मागोवा आज घेता येतो, कारण नायगमवालांनी आपल्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल छापला. वेधशाळा गेली, नोंद राहिली.

१५/ या परंपरेचा हौशी धागा पुण्यात तुटला नाही. १९४४ मध्ये येथे ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. मुळशीच्या काळोखात आज तिपाई रोवणारा तरुण स्वतःला नवख्या छंदाचा मानत असेल, तर त्याने हा वारसा ओळखायला हवा.

१६/ आता त्या विजेत्या छायाचित्राकडे परतावे. आकाशगंगेचे आजचे छायाचित्र बहुधा एका क्षणाचे नसते. अनेक छायाचित्रे एकावर एक रचून मंद प्रकाश वर काढला जातो, रंग उजळले जातात. कधी खालची जमीन एका वेळची आणि वरचे आकाश दुसऱ्या वेळचे असते. यात फसवणूक नाही. हे तंत्र आहे आणि त्याला कौशल्य लागते. पण काय केले हे सांगितले नाही, तर त्या चित्राची अवस्था विजयदुर्गाच्या ओट्यांसारखी होते. घटक सगळे खरे, त्यांची सांगड मात्र कोणालाच तपासता येत नाही.

१७/ शिवाय मुळशीच्या चित्राला केवळ आकाशाचा इतिहास नाही. ज्या पाण्यात आकाशगंगा उतरलेली दिसते ते पाणी मुळा-निळेच्या संगमावर बांधलेल्या धरणाचे आहे. त्याखाली मावळातील गावांची शेते आणि घरे गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. सत्याग्रह हरला आणि टाटांचे धरण झाले. ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात पडू लागले आणि तेथील वीज मुंबईकडे गेली.

१८/ मुंबई उजळावी म्हणून मुळशीचे खोरे बुडाले. आज त्याच उजळलेल्या शहरांतील माणसे तारे दिसावेत म्हणून त्या पाण्याकाठी येतात. छायाचित्राखाली ‘मुळशीचे अस्पर्श निसर्गसौंदर्य’ असे लिहिले जाते, तेव्हा त्या चौकटीतील सर्वांत मोठी मानवनिर्मित वस्तूच नजरेआड होते.

१९/ पूर्वेकडे पाहिले की या चौकटीतील दुसरी मानवनिर्मित गोष्ट दिसते, क्षितिजावर चढणारा पिवळट उजेड. विजेत्या चित्रांत तो बहुधा कापलेला किंवा पुसलेला असतो, कारण त्याने शोभा जाते. पण ५० वर्षांनी मुळशीच्या रात्रीचा इतिहास लिहिणाऱ्याला नेमका तोच उजेड हवा असेल. कोणत्या साली तो क्षितिजापासून किती वर आला होता? कोणत्या हिवाळ्यात कोणता तारा नुसत्या डोळ्यांनी दिसेनासा झाला? ही साधने आज ज्यांच्या हाती आहेत, तेच ती शोभेसाठी पुसत आहेत.

२०/ करड्या पेन्सिल-रेखाटनाची किंमत येथेच कळते. रेखाटन करणारा अर्धा-पाऊण तास एकाच वस्तूकडे पाहतो आणि जे दिसले तेवढेच कागदावर उतरवतो. म्हणून त्याचा कागद त्या रात्री त्या जागी माणसाच्या डोळ्याला किती दिसत होते, याची नोंद ठरतो. काळोख मोजण्याची बोर्टल श्रेणीही २००१ मध्ये जॉन बोर्टल या हौशी अमेरिकन निरीक्षकानेच मांडली. तिच्या नऊ पायऱ्या मुख्यतः नुसत्या डोळ्यांना काय दिसते यावरच बेतलेल्या आहेत.

२१/ यावर एक रास्त आक्षेप येईल. दिवसभर नोकरी करून रात्री आकाशाखाली येणाऱ्याला आनंद हवा असतो. त्याच्यावर दप्तरदारी का लादावी? आक्षेपात तथ्य आहे. सुंदर चित्राने कितीतरी नव्या माणसांना आकाशाकडे वळवले आहे आणि कोरड्या नोंदवहीला ते साधत नाही. म्हणून सौंदर्याचे मत काढून घेण्याची गरज नाही. त्याच्या जोडीला दुसरे मत हवे, साक्षीचे.

२२/ या दुसऱ्या मतासाठी फार काही लागत नाही. तारीख, वेळ, जागा, उपकरण, नंतर केलेले संस्कार आणि आकाशाची स्थिती अशा सहा गोष्टी चित्राखाली असाव्यात. रेखाटनांची आणि छायाचित्रांची तुलना एकमेकांशी न करता, एकाच रात्रीच्या एकाच वस्तूची दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत. एक तरी पारितोषिक पूर्वेकडचा उजेड न पुसता, दरवर्षी त्याच जागेवरून घेतलेल्या चित्राला द्यावे. चित्राखालच्या ओळीत धरणाचे नाव आणि सालही यावे.

२३/ तळणीच्या शेतात ॲनी माँडर यांच्या छोट्या कॅमेऱ्याला मते मागितली असती, तर ४० फुटी कॅमेऱ्यापुढे ती कोणी दिली नसती. तिची काच आजही बोलते, कारण ती केव्हा, कोठे आणि कशाने घेतली हे लिहिलेले आहे. ताम्हिणीकडे निघालेल्या प्रत्येक निरीक्षकाने सामानात सुट्या बॅटरीबरोबर एक वही आणि पेन्सिलही टाकावी. भिंगाची झाकणे उघडण्याआधी पहिल्या पानावर त्या रात्रीची तारीख लिहावी.