मोतमावलीची रांग कोणाची?

मुंबईला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने वांद्र्याचे माउंट मेरी चर्च हे ‘त्यांचे’ देवस्थान मानून बाहेरूनच पाहून परतू नये. कोळी समाज तिथल्या मेरीला मोतमावली म्हणतो. आजची वास्तू 1904 ची, पण श्रद्धा तिच्याहून कितीतरी जुनी. 8 सप्टेंबरच्या मेरीजन्मानंतर येणाऱ्या रविवारी जत्रा सुरू होते, आठवडाभर चालते आणि रांगेत ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू, मुसलमान, पारशीही असतात. दुखऱ्या अवयवासाठी मेणाचा हात किंवा पाय, निवाऱ्यासाठी मेणाचे घर, मुलासाठी मेणाची बाहुली वाहतात. नवस बोलणे आणि फेडणे मराठी माणसाला कोणी वेगळे शिकवायला नको.

यावर आक्षेप येतो की ही सरमिसळ दोन्ही धर्मांना पातळ करते; चर्च मेरीला देवी मानत नाही, ती केवळ देवाकडे आपल्यासाठी रदबदली करते. हा भेद खरा आहे आणि तो पुसण्याचे कारणही नाही. मात्र आजारी लेकरासाठी मेणबत्ती लावणाऱ्या आईला आधी धर्मशास्त्राची परीक्षा द्यायला लावणे मला अन्यायाचे वाटते. तिथल्या चर्चनेही इतकी वर्षे ती घेतलेली नाही.