घुमणारी खोली, फटीची खिडकी

मीरा रोडला रेल्वेमार्गालगतच्या घराचे नूतनीकरण निघाले की संगमरवर, काच, गुळगुळीत छत यांची निवड आधी होते. आवाजाचा विचार मागाहून. मग जाड पडदे येतात. पडदे, गाद्या, पुस्तकांचे कपाट यांनी खोलीचे घुमणे कमी होते. लोकलचा खडखडाट मात्र त्यांना फारसा अडवता येत नाही. तो फटींतून शिरतो. सरकत्या खिडकीपेक्षा रबरी पट्टीवर घट्ट मिटणारी, बिजागरीची खिडकी त्यासाठी बरी. वायुवीजनाची सोय तेवढी वेगळी करावी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. गाडीला ते कोण सांगणार! वडीलधाऱ्यांची निजण्याची खोली रुळांच्या विरुद्ध बाजूस घेणे सर्वांत स्वस्त, पण ते फोडकामापूर्वी ठरवावे.