औषध म्हणू नका, विष म्हणा!

शेतकरी बंधूंनो, पऱ्हाटीवर अळी दिसली की आपण कृषी केंद्राकडे धावतो अन् डबा घेऊन येतो. त्याला आपण 'औषध' म्हणतो. हे औषध कारखान्यात ज्या मधल्या रसायनापासून घडते, ते काय चीज असते याचा एकदा विचार करा.

भोपाळचे मिथाईल आयसोसायनेट हे असेच मधले रसायन. फॉस्जिन व मिथाईल अमाईनपासून ते बनवायचे, त्यावर नॅप्थॉलची प्रक्रिया करून कार्बारिल, म्हणजे 'सेविन' हे कीटकनाशक तयार व्हायचे. हा द्रव ३९ अंशांवर उकळतो. वर्ध्याचा मे महिन्यातला पारा ४५ अंशांवर जातो. म्हणजे आपल्या उन्हात त्याची आपोआप वाफ होईल. पाणी लागले की तो भडकून तापतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरते. त्याला थंड व कोरडे ठेवणे, हीच त्याची राखण.

ती राखण भोपाळात झाली नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीत पाणी शिरले, थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. सुमारे ४० टन वायू सुटला अन् हजारो माणसे मेली. तोंडाला ओले फडके लावा, एवढे साधे शब्दही वस्तीतल्या लोकांना आधी कोणी सांगितले नव्हते. विषाइतकाच घात या अज्ञानाने केला.

२०१८ मध्ये सरकारने कार्बारिलवर बंदी घातली. पण धोका टळला काय? २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हाही कोणी नीट सांगितले नव्हते.

म्हणून ध्यानात ठेवा. डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मनानेच दोन औषधे एकत्र करू नका. हातमोजे, तोंडाला फडके, अंगभर कपडे घाला. वाऱ्याच्या उलट दिशेने अन् भर उन्हात फवारू नका. नोझल तोंडाने फुंकू नका. मधात बिडी-तंबाखू नको. रिकाम्या डब्याला भोक पाडा. त्यात पाणी भरू नका. घाम, लाळ, उलटी, अंधारी आली तर कपडे काढून साबणाने अंग धुवा अन् डबा सोबत घेऊन तडक सेवाग्राम, सावंगी किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. डबा पाहिला की डॉक्टरला उतारा लवकर ठरवता येतो.

सरपंच, पोलीस पाटील व कृषी खात्याच्या मंडळींना एकच सांगणे. डब्यावरची बारीक अक्षरे शेतमजुराला वाचता येत नाहीत. फवारणीच्या आधी चावडीवर ती मोठ्याने वाचून दाखवा. मयताचा पंचनामा करण्यापेक्षा ते काम सोपे आहे.