पहिलं हत्यार विकत घेऊ नका!

एफ.ई.ला वर्कशॉपमध्ये क्रॉस लॅप जॉइंट आपण सगळ्यांनीच केलाय (काहींनी तो सिनियरकडून 'मिळवलाय', पण ते असो!). मात्र कारपेंट्री शॉपच्या कोपऱ्यात लाकूड कातायचा लेथ आहे, हे किती जणांना माहीत आहे? मला ते टी.ई.ला कळलं. आईसाठी कुंकवाचा लाकडी करंडा करायचं डोक्यात घेतलं आणि शॉपमधल्या मामांच्या मागे लागलो.

बाहेरचा आकार दोन दिवसांत जमला. खरी परीक्षा आतून कोरताना! बाहेरून कातताना टूल रेस्ट लाकडाच्या अगदी जवळ असते. आत शिरलं की रेस्ट तोंडाशीच राहते आणि हत्याराचं टोक तीन-चार इंच पुढे, अधांतरी. म्हणजे एस.ओ.एम.च्या पेपरात सोडवतो तोच कॅन्टिलिव्हर. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की त्याच जोराला वाक आठपट. पेपरात हे दोन मार्कांचं असतं, इथे ते मनगटाला कळतं.

बाजारात यासाठी हंसाच्या मानेसारखी वळवलेली परदेशी हत्यारं मिळतात. किंमत ऐकून मेसचं बिल आठवलं. मग रूम पार्टनर म्हणाला, जुनी कानस घास ना! घासली. धार काय सुरेख आली! दुसऱ्या दिवशी ती आत अडकली आणि काडकन् तुटली. तुकडा माझ्या कानाजवळून भिंतीवर गेला. मामांनी स्विच बंद केला, दोन्ही तुकडे हातात घेतले आणि एवढंच विचारलं, "कानस कशाला असते रे?" कानस हाय कार्बन स्टीलची, पूर्ण कडक केलेली, म्हणून ठिसूळ. वर तिच्या प्रत्येक दात्याच्या खाचेत स्ट्रेस एकवटतो. मटेरियल्सच्या ओरलला मी हेच घडाघडा बोललो होतो!

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिलं हत्यार स्वतः करा आणि सरळच करा. वळलेल्या हत्याराचं टोक दांड्याच्या रेषेबाहेर असतं, त्यामुळे लाकडाचा जोर मूठ हातात पिळायला बघतो. नवशिक्याला ते झेपत नाही. आमचा दांडा १६ मि.मी.चा माइल्ड स्टीलचा गोल बार. (१२ चा घेतला असता तर तिपटीहून जास्त वाकला असता, कारण व्यासाचा चौथा घात.) टोकाला मधोमध ६ मि.मी.चं भोक, त्यात एच.एस.एस.चा गोल तुकडा, बाजूने ४.२ चं ड्रिल, एम ५ चा टॅप आणि ग्रब स्क्रू. तुकडा जेमतेम १२ मि.मी. बाहेर, टोक गोलसर, खालून थोडी क्लिअरन्स. वाकायचं काम माइल्ड स्टीलचं, कापायचं एच.एस.एस.चं. ग्राइंडरवर थोडं तापलं तरी एच.एस.एस.ची धार मऊ पडत नाही, हा आणखी एक फायदा. मूठ मात्र लांब हवी, पार बगलेखाली दाबता येईल इतकी.

आधी मधोमध ड्रिल मारून खोली ठरवा. धार सेंटरला किंवा केसभर वर ठेवा, म्हणजे टोक दबलं तरी लाकडात घुसत नाही, सुटतं. लाकूड उभ्या रेषांचं असेल तर मधून कडेकडे कोरा. भुसा आत साचला की लेथ थांबवूनच काढा. आणि फेस शिल्ड! माझा कान अजून जागेवर आहे तो केवळ नशिबाने.

सरांना एक विनंती. तेच ते जॉइंट करून घेण्याऐवजी एक टर्म हे हत्यार जॉब म्हणून द्या ना! फिटिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, ग्राइंडिंग सगळं त्यात येतं, आणि सिनियरचा जॉब मागून आणायचा तर त्याची धार स्वतःलाच लावावी लागेल.

करंड्याचं झाकण थोडं सैल बसतं, आईने आत कागदाची पट्टी लावलीय. आमचं हत्यार शॉपमध्ये खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलंय. कोणीही न्या, फक्त मामांना विचारून. आणि ग्रब स्क्रू आधी आवळा, तो ढिला होतो.